किंमत ठरवणाऱ्या टेबलावर आपले कोण?

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे माणसे येऊ लागतात. कुणी पेढे घेऊन येतो, कुणी मार्कशीटची झेरॉक्स घेऊन. प्रश्न एकच असतो, "सर, आता पोराला कशाला टाकायचे?" आणि आमची उत्तरेही वर्षानुवर्षे ठरलेली आहेत. सायन्सवाला असेल तर इंजिनिअरिंग नाहीतर मेडिकल, आर्ट्सवाला असेल तर बी.एड. नाहीतर एमपीएससी, कॉमर्सवाला असेल तर बी.कॉम. कर आणि बँकेची परीक्षा दे. या उत्तरांनी अनेक घरे उभी राहिली, हे आम्ही नाकारत नाही.

यंदा मात्र कल्याणहून एक रेल्वेतले गृहस्थ मुलीला घेऊन आले. जयभीम झाला, चहा झाला. मुलीला कॉमर्समध्ये ८८ टक्के गुण. ती म्हणाली, "काका, मला इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचे आहे. त्यासाठी कोणती डिग्री घ्यावी लागते?" वडील आमच्याकडे पाहू लागले. त्यांना वाटले, बँकच ना, मग पदवी झाली की देईल परीक्षा. खरे सांगायचे तर आमच्याही तोंडावर तेच उत्तर आले होते. ते आम्ही गिळले आणि तिला म्हणालो, "पोरी, आठ दिवसांनी ये." ते आठ दिवस आम्ही या क्षेत्रातल्या आपल्या दोन-तीन मुलांशी बोललो, काही कागद वाचले. त्यातून जे हाती लागले ते केवळ त्या मुलीपुरते ठेवणे बरोबर नाही, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, ही आपली पासबुकवाली बँक नव्हे. येथे काउंटर नाही, रोख नाही, चेक वटवणे नाही. एखाद्या कंपनीला शेअर विकून भांडवल उभे करायचे असेल, एका कंपनीने दुसरी विकत घ्यायची असेल, सरकारला आपला कारखाना विकायचा असेल, तर त्या मालाची किंमत काढणे, गिऱ्हाईक शोधणे, सौद्याचे कागद तयार करणे आणि सौदा पार पाडणे, हे इन्व्हेस्टमेंट बँकेचे काम. आपल्याकडे कायद्याच्या भाषेत यांना मर्चंट बँकर म्हणतात, आणि सेबीच्या १९९२ च्या नियमांखाली त्यांना नोंदणी करावी लागते. स्टेट बँकेची एसबीआय कॅपिटल मार्केट्स ही अशीच एक कंपनी. कोटक, जेएम फायनान्शियल, अ‍ॅक्सिस यांच्या आहेत, आणि गोल्डमन सॅक्स, मॉर्गन स्टॅन्ली, जेपी मॉर्गन या परदेशी आहेत. या साऱ्यांचा भारतातला मोठा व्यवहार मुंबईत चालतो. म्हणजे आपल्या लोकलच्या टप्प्यात.

वाचक म्हणतील, असेल बुवा, पण त्याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या घराच्या पत्र्याच्या पेटीपर्यंत आहे.

आपल्या घराघरांत एलआयसीची पॉलिसी असते. सफाई कामगाराच्या घरात असते, शिक्षकाच्या घरात असते. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये विमा हा राज्याच्याच हाती असावा अशी मागणी केली होती. १९५६ च्या १ सप्टेंबरला एलआयसी अस्तित्वात आली, त्यांच्या महापरिनिर्वाणाच्या तीन महिने आधी. त्या एलआयसीचे साडेतीन टक्के शेअर केंद्र सरकारने २०२२ च्या मे महिन्यात बाजारात विकले. सुमारे २१ हजार कोटी रुपये उभे केले. शेअरचा भाव ९०२ ते ९४९ रुपये ठरला. पॉलिसीधारकांना साठ रुपयांची सूट दिली, म्हणून आपल्यातल्याही काही जणांनी आयुष्यात प्रथमच डीमॅट खाते उघडून अर्ज केले. ज्या दिवशी शेअर बाजारात आला त्या दिवशी तो ८७० च्या आसपास उघडला. म्हणजे सूट धरूनही पॉलिसीवाला पहिल्याच दिवशी तोट्यात. तो पुढे वर गेला ही गोष्ट वेगळी. आमचा प्रश्न एवढाच, की हा भाव कोणी काढला? सरकारने काढला, आणि त्या कामी सरकारच्या शेजारी दहा मर्चंट बँकर कंपन्या बसलेल्या होत्या. त्या दहांच्या टेबलाभोवती आपल्या वस्त्यांतून गेलेली किती मुले होती, हे आपण आपल्यालाच विचारावे.

बाल्को २००१ मध्ये गेली, व्हीएसएनएल २००२ मध्ये गेली, एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत टाटांकडे गेली. कंपनी खाजगी झाली की तिथली नवी भरती राखीव जागांतून सुटते. आपण प्रत्येक वेळी मोर्चे काढले, निवेदने दिली, आणि ते करायलाच हवे होते. पण कंपनीची किंमत कमी लावली की जास्त, जमिनीचा भाव हिशेबात धरला की नाही, हे आकड्यांनी दाखवून देणारा माणूस निवेदनावर सही करणाऱ्यांत क्वचितच असतो. खाजगीकरणाविरुद्ध आपल्याकडे घोषणा भरपूर आहेत, ताळेबंद वाचणारे थोडे आहेत.

यावर आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हाला सुनावले, "म्हणजे आता आपली पोरे भांडवलदारांचे सौदे जुळवणार काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला आम्ही बाबासाहेबांच्याच चरित्राकडे जातो. १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना म्हणून ते मुंबईला परत आले. तेव्हा पोटासाठी त्यांनी जे उद्योग केले त्यांत शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारांत सल्ला देण्याचा एक धंदा होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, त्याच्यापेक्षा लायक सल्लागार त्या वेळच्या मुंबईत कितीसे असतील? गिऱ्हाईक येऊ लागले. मग सल्लागार अस्पृश्य आहे असे कळले आणि गिऱ्हाईक यायचे थांबले. धंदा बुडाला तो ज्ञान कमी पडले म्हणून नव्हे. पुढे १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, लंडनला गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२५-२६ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी चलनाविषयी साक्ष दिली. पैशाच्या विद्येला बाबासाहेबांनी कधी अस्पृश्य मानले नाही. ती आपण मानतो. त्यांचा फोटो आपण विहारात लावतो, पण त्या ग्रंथाचे पहिले प्रकरण वाचलेला माणूस आपल्या सभांत शोधावा लागतो. (आम्ही स्वतः तो चाळिशीत वाचला, हेही कबूल करतो.)

शंभर वर्षांत ते गिऱ्हाईक बदलले का? २००७ मध्ये डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक साधी परीक्षा घेतली. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त आडनावे वेगळी. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या सुमारे दोन-तृतीयांशच निघाली. २०१२ मध्ये देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांचा अभ्यास झाला, त्यात ९३ टक्क्यांच्या आसपास संचालक उच्च जातींचे होते आणि अनुसूचित जाती-जमातींचे साडेतीन टक्के. हा रोग फक्त आपल्याकडे आहे असेही नाही. ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशनच्या २०१६ च्या अहवालात लंडनच्या इन्व्हेस्टमेंट बँकांविषयी लिहिले आहे, की सुटावर तपकिरी बूट घालून आलेल्या हुशार पण गरीब घरच्या मुलाला ‘हा आपल्यातला नाही’ म्हणून बाजूला सारले जाते. तिकडे बूट पाहतात, इकडे "वडील काय करतात?" असे विचारतात. एकूण एकच.

डिग्रीचा विचार येथूनच सुरू केला पाहिजे. मोठ्या घरच्या मुलाला डिग्री ही शोभेची असली तरी चालते, त्याचा मामा कुठल्यातरी फंडात असतो. आपल्या मुलीला मामा नाही. तिला अशी वाट हवी की जिथे मुलाखतीच्या खोलीत शिरण्याआधी कागदावरची, नाव झाकलेली परीक्षा तिच्या बाजूने उभी राहील. पदवीचे नाव बी.कॉम. की बी.एम.एस. की बी.ए.एफ. यावर घराघरांत जे वाद होतात ते आमच्या मते दुय्यम आहेत.

तशी सर्वांत स्वस्त आणि खुली वाट सी.ए.ची आहे, असे आम्ही त्या मुलीला सांगितले. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, मग फायनल. फाउंडेशनला चार पेपर, पुढच्या दोन्ही पायऱ्यांवर सहा-सहा. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के हवेत. आरक्षण नाही. पुस्तके संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बरोबरीने अनुदानित कॉलेजात साधे बी.कॉम. करता येते, शिष्यवृत्ती किंवा फी माफीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. घर गहाण पडत नाही. इन्व्हेस्टमेंट बँकेत किंमत काढण्याचे आणि ताळेबंद फोडून पाहण्याचे जे काम असते त्याचा पाया येथेच घातला जातो, म्हणून भारतातल्या या कंपन्या सी.ए. घेतात. आणि समजा ती नोकरी नाही मिळाली, तरी सी.ए. माणूस उपाशी राहत नाही.

पण ही वाट गुळगुळीत नाही, हे लपवून उपयोग नाही. बहुसंख्य मुले पहिल्या फटक्यात नापास होतात. पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहायचा, मराठीत नाही. आणि खरा काच आहे तो आर्टिकलशिपचा. नव्या योजनेत ती दोन वर्षांची आहे. परीक्षेत नाव झाकलेले असते, आर्टिकलशिप मागायला जाताना ते उघडे असते. ओळख नसलेली मुले मग गल्लीतल्या ऑफिसात जीएसटीचे रिटर्न भरत दोन वर्षे काढतात. रिटर्न भरणे वाईट नाही, पण त्यातून सौद्यांच्या टेबलाकडे रस्ता जात नाही. जिथे कंपन्यांचे ऑडिट, मूल्यांकन, खरेदी-विक्रीची तपासणी चालते अशा फर्ममध्ये शिरण्यासाठी पहिल्या प्रयत्नातले गुण आणि बोलण्यातला धीटपणा दोन्ही लागतात.

दुसरी वाट मोठ्या नावाच्या संस्थेची. परदेशी बँका आपल्या सौद्यांच्या विभागात प्रामुख्याने अहमदाबाद, बंगलोर, कलकत्त्याच्या आयआयएममधून माणसे उचलतात. तिथे अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना साडेसात टक्के जागा आहेत. फी वीस लाखांच्या वर असते हे ऐकून आपले पालक अर्जच करत नाहीत. त्यांना कोणी सांगत नाही, की कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर केंद्राची ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती आहे, जागा मर्यादित असल्या तरी आहे. मुंबईत जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट आहे, ती मुंबई विद्यापीठाची. तिथे राज्याच्या सीईटीने प्रवेश मिळतो. चर्चगेटला सिमस्री ही तर सरकारी संस्था. पदवीसाठी दिल्लीचे श्रीराम कॉलेज आहे, तेथेही राखीव जागा आहेत. परदेशी जायचे तर समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आपल्या घरचे कुणी गेले तर तिथे बाबासाहेबांचा अर्धपुतळाही आहे.

या मोठ्या संस्थांत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे प्रवेश मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे. कॅम्पसवर येणाऱ्या बँका दहावी, बारावी आणि पदवीचे गुण पुन्हा उकरून पाहतात, उन्हाळी इंटर्नशिप कुठे केली ते विचारतात. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षात सुट्टीत गावी न जाता कुठल्याही फायनान्सच्या ऑफिसात दोन महिने राबलेले बरे.

आणि गणित! यावर आम्ही थोडे तापूनच लिहितो. अकरावी कॉमर्सला गणित आणि एस.पी. यांतून निवड करायची असते. आपली मुले झुंडीने एस.पी. घेतात. कारण विचारले तर "सगळ्यांनी तेच घेतले" किंवा "गणित आपल्याला जमत नाही." आपल्याला म्हणजे कोणाला? सोळाव्या वर्षी घेतलेल्या त्या एका निर्णयाने दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सचे दार बंद होते, पुढे कॅटमध्ये हात थरथरतात, आणि शेअरचे मूल्य काढताना ज्या साध्या बीजगणिताची गरज असते तिथे मुलगा गोंधळतो. शिक्षक तरी काय करतात? काही ज्युनिअर कॉलेजांत गणिताचा वर्गच लहान ठेवतात आणि आपल्या आडनावाच्या मुलाला प्रेमाने सांगतात, "एस.पी. घे, सोपे आहे." या प्रेमापासून सावध राहावे. त्या कल्याणच्या मुलीने गणित घेतले होते, हे ऐकून आम्हाला तिच्या ८८ टक्क्यांपेक्षा अधिक आनंद झाला.

आता एका फसवणुकीविषयी. ‘सहा महिन्यांत इन्व्हेस्टमेंट बँकर, शंभर टक्के नोकरी’ अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर दिवसरात्र येतात. आमच्या माहितीतल्या एका कुटुंबाने असल्या कोर्ससाठी पतपेढीचे कर्ज काढले. मुलाला नोकरी मिळाली, नाही असे नाही. कंपनीच्या नावात गुंतवणूक आहे, गळ्यात ओळखपत्र आहे, पण काम रात्रपाळीत परदेशातल्या व्यवहारांच्या नोंदी जुळवण्याचे. बंगलोर, हैदराबाद, मुंबईत या बँकांची प्रचंड मोठी केंद्रे आहेत, तिथे संगणकाचे, नोंदीचे, जोखीम मोजण्याचे काम चालते. ते काम हलके नाही, इंजिनिअर मुलांना तिथे चांगले पगारही मिळतात. पण नोंदी जुळवणारा आणि किंमत ठरवणारा हे दोन वेगळे मजले आहेत, आणि खालच्या मजल्यावरून वर जाणारा जिना फार अरुंद आहे. नोकरीच्या पत्रात कोणता विभाग लिहिला आहे ते वाचावे, एवढेच सांगणे.

आमच्या हातून झालेली एक चूकही येथे नोंदवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातला एक मुलगा सी.ए. इंटरच्या एका ग्रुपमध्ये चार गुणांनी गेला. घरात आजारी वडील, लग्नाची बहीण. आम्हीच त्याला म्हणालो, "बाबा, हे आपले काम नव्हे, क्लार्कची परीक्षा दे." तो पास झाला, सरकारी बँकेत लागला, आम्हाला पेढे दिले. मागे भेटला तेव्हा सहज म्हणाला, "मामा, त्या वेळी तुम्ही आणखी सहा महिने थांब म्हणाला असता तर?" रागाने नव्हे, सहज. त्याला उत्तर देता आले नाही. घराची हालत पाहता आमचा सल्ला चुकीचा होता असेही ठामपणे म्हणवत नाही. पण ‘हे आपले काम नव्हे’ हे वाक्य आम्ही कुठून आणले, याचा विचार अजून चालू आहे.

सहा महिने थांब असे म्हणायला घरात सहा महिन्यांचे रेशन लागते. ते एकट्या कुटुंबाकडे नसेल तर वस्तीने द्यावे. आपल्या विहारांच्या अभ्यासिकांत एमपीएससीच्या पुस्तकांनी कपाटे भरली आहेत, त्यांत एक खण सी.ए.च्या पुस्तकांचा आणि कॅटचा का नसावा? बार्टी बँकेच्या परीक्षांचे वर्ग चालवते, तसे फाउंडेशनचेही चालवा अशी मागणी का होऊ नये? आणि आपल्यातले जे सी.ए. झाले, ज्यांच्या दारावर पाटी लागली, त्यांनी वर्षाला एक आर्टिकल आपल्या वस्तीतला घ्यावा. हे आम्ही तीन जणांना फोन करून विचारले. एक हो म्हणाले. दुसरे म्हणाले, "मुलांचे इंग्रजी कच्चे असते." तिसऱ्यांनी फोन ठेवला. त्यांच्याही पाटीवर आडनाव लिहिलेले नाही, नुसते नाव आणि आद्याक्षरे आहेत. का, ते आम्हाला समजते, म्हणून आम्ही त्यांना दोष देत नाही. पण पुन्हा फोन करणार आहोत.

आठ दिवसांनी ती मुलगी आली. आम्ही हे सारे सांगितले. वडिलांनी एकच विचारले, "सर, किती वर्षे?" आम्ही म्हणालो, पाच तरी धरा, सहाही लागतील. त्यांनी निवृत्तीला किती वर्षे उरली ते बोटांवर मोजले आणि मान हलवली. मुलीने वहीत कॉलेजांची नावे लिहून घेतली, सिडनहॅमचे नाव सर्वांत वर. जाताना दारात थांबून तिने विचारले, "काका, तो रुपयाचा ग्रंथ मराठीत मिळतो का?" आम्ही आमच्याकडची इंग्रजी प्रत तिला दिली आणि दिवाळीपर्यंत परत आण म्हणून सांगितले.